तीन मुकुट, तीन क्रियापदे : ‘आयकॉन बॅसिलिके’च्या मुखचित्राचे वाचन

चित्राच्या उजव्या भागात एक राजा गुडघे टेकून बसला आहे. अंगावर राजवस्त्र, समोर टेबल, टेबलावर उघडे पुस्तक. हातात काट्यांचा मुकुट, पायाजवळ जमिनीवर राजमुकुट आणि वर उजवीकडे, जिथे त्याची नजर लागली आहे तिथे, प्रकाशात तरंगणारा तिसरा मुकुट. डाव्या भागात खोली संपते आणि उघडे रान सुरू होते. तिथे वजने टांगलेले खजुरीचे झाड आहे, खवळलेल्या समुद्रात उभा खडक आहे आणि वर काळा ढग. त्या ढगातून एक किरण सुटतो आणि राजाच्या मस्तकावर मागून येऊन पडतो. या सगळ्याच्या अधेमध्ये, किरणांच्या अंगावर, मुकुटांच्या कडांना आणि झाडाच्या आसपास बारीक लॅटिन शब्द पेरलेले आहेत.

हा राजा इंग्लंडचा पहिला चार्ल्स, पार्लमेंटविरुद्धचे युद्ध हरलेला. 30 जानेवारी 1649 रोजी लंडनला व्हाइटहॉलमध्ये, बँक्वेटिंग हाउससमोर उभारलेल्या मंचावर त्याचा शिरच्छेद झाला. (मुंबई बेट ज्याला लग्नाच्या करारात मिळाले आणि ज्याने ते 1668 मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकले, तो दुसरा चार्ल्स याचाच मुलगा.) शिरच्छेदानंतर दहा दिवसांच्या आत ‘आयकॉन बॅसिलिके’, म्हणजे ‘राजप्रतिमा’, हे पुस्तक लंडनमध्ये फिरू लागले. राजाने कैदेत स्वतः लिहिलेली आत्मचिंतने आणि प्रार्थना, असा त्याचा दावा. पुढे 1660 नंतर जॉन गॉडेन या धर्मोपदेशकाने लेखनावर आपला हक्क सांगितला आणि तो वाद शतकानुशतके चालला. पुस्तकाच्या तोंडाशी असलेले मुखचित्र मात्र निर्विवादपणे विल्यम मार्शल या लंडनच्या खोदकाराचे आहे. ‘मार्शलने कोरले’ असे तो लॅटिनमध्ये सही करून सांगतो.

बरोक काळातल्या, म्हणजे सतराव्या शतकाच्या आसपासच्या नाट्यमय युरोपीय शैलीच्या काळातल्या, कोरीव व्यक्तिचित्रांतली प्रतीके वाचायला शिकायचे असेल तर सुरुवात या चित्रापासून करावी. ते सुंदर आहे म्हणून नव्हे. मार्शलचा हात जाडाभरडा होता. त्याच काळात पॅरिसला रोबेर नांतई तांब्याच्या पत्र्यावर कातडीचा पोत उतरवत होता, त्याच्या शेजारी हे काम ठेवले तर गावठी दिसते. पण प्रतीके कशी जोडली जातात हे इथे शिवण उलटी करून पाहावी तसे दिसते.

नेहमीचा साचा आणि इथला बदल

सतराव्या शतकातल्या कोरीव व्यक्तिचित्राचा साचा ठरलेला असे. मध्ये लंबगोल चौकट आणि तिच्यात छातीपर्यंतचा माणूस. चौकटीवर नाव, पदव्या, वय. खाली दगडी कठडा रंगवलेला आणि त्यावर दोन-चार ओळींचे पद्य. कुलचिन्ह एका बाजूला, ब्रीदवाक्य दुसऱ्या बाजूला. वैद्य असेल तर पुस्तक, सेनापती असेल तर चिलखत आणि दंड, कवी असेल तर लॉरेलची डहाळी. प्रतीके चौकटीच्या कडेला राहतात. माणूस त्यांच्या मध्ये स्वस्थ बसलेला असतो.

मार्शलने इथे चौकटच काढून टाकली. राजा स्वतः प्रतीकांच्या रांगेत जाऊन बसला. हे त्याला जमले कारण तो मुळात एम्ब्लेम कोरणारा माणूस. एम्ब्लेम म्हणजे ब्रीद, चित्र आणि पद्य असा तीन कलमी प्रकार. 1531 मध्ये आउग्सबुर्गला आंद्रेआ आल्चातीचे पुस्तक निघाले आणि पुढची दीडशे वर्षे युरोपभर या प्रकाराचे पेव फुटले. इंग्रजीतले गाजलेले एम्ब्लेम-पुस्तक फ्रान्सिस क्वार्ल्सचे, 1635 चे. त्यातल्या चित्रांवर काम करणाऱ्यांत मार्शल होता. म्हणजे खजूर, खडक, ढग, मुकुट हे सगळे सामान त्याच्या कार्यशाळेत आधीपासून पडून होते.

अन्वय आधी, अर्थ नंतर

असे चित्र समोर आले की बहुतेक जण प्रतीकांचा कोश उघडतात. खजूर म्हणजे विजय, खडक म्हणजे स्थैर्य, काटे म्हणजे यातना. एकेक शब्दाचा अर्थ लावून बेरीज केली की झाले, असा समज. संस्कृत श्लोकाचे नुसते शब्दार्थ लिहून भाषांतर केल्यासारखे हे आहे. श्लोकात आधी क्रियापद शोधतात, मग कर्ता, मग कर्म, आणि विशेषण कोणाला लागते ते विभक्तीवरून ठरवतात. इथेही नेमके तेच करायचे.

तीन मुकुटांभोवतीचे शब्द असे आहेत. जमिनीवरच्या मुकुटाजवळ ‘स्प्लेंदिदाम आत ग्रावेम’, म्हणजे झळाळता पण जड. हातातल्या काट्यांच्या मुकुटाजवळ ‘आस्पेराम आत लेवेम’, म्हणजे बोचरा पण हलका. आकाशातल्या मुकुटाजवळ ‘बेआताम एत एतेर्नाम’, म्हणजे धन्य आणि शाश्वत. ही सगळी विशेषणे एकवचनी, स्त्रीलिंगी आणि द्वितीया विभक्तीत आहेत. पण ती ज्या नामाला लागायची ते नाम चित्रात कुठेही लिहिलेले नाही. ते नाम ‘कोरोना’, मुकुट. ते लिहायची गरज नाही, कारण ते काढलेले आहे. विशेषण अक्षरांत आणि नाम चित्रात, अशी ही वाटणी.

आता क्रियापदे. ‘मुंदी काल्को’, ‘क्रिस्ती त्राक्तो’, ‘कोएली स्पेक्तो’. मुंदी, क्रिस्ती, कोएली या तिन्ही षष्ठी: जगाचा, ख्रिस्ताचा, स्वर्गाचा. काल्को म्हणजे तुडवतो, त्राक्तो म्हणजे हाती घेतो, स्पेक्तो म्हणजे पाहतो. तिन्ही क्रियापदे प्रथमपुरुषी एकवचनी, वर्तमानकाळी. कर्ता ‘मी’ पुन्हा अक्षरांत नाही. तो मध्ये गुडघे टेकून बसला आहे. अन्वय लावला की तीन वाक्ये मिळतात: जगाचा झळाळता पण जड मुकुट मी तुडवतो, ख्रिस्ताचा बोचरा पण हलका मुकुट मी हाती घेतो, स्वर्गाचा धन्य आणि शाश्वत मुकुट मी पाहतो. शिवाय प्रत्येक मुकुटाला एकेक नाव दिले आहे: वानितास, ग्रातिया, ग्लोरिया. पोकळ डौल, देवकृपा, दिव्य वैभव.

विभक्तीकडे दुर्लक्ष केले की काय घडते याचा नेहमीचा नमुना म्हणजे जमिनीवरचा मुकुट. वर्णनात बहुतेक वेळा ‘गमावलेले राज्य’ असे लिहून टाकतात. नुसत्या चित्रावरून तसे वाटणे साहजिक आहे. मुकुट जमिनीवर आहे. तो पडला, कोणी काढून घेतला की त्याने स्वतः टाकला, हे रेषा सांगू शकत नाहीत. ‘काल्को’ सांगते. पार्लमेंटने माझा मुकुट हिरावला असे हा राजा म्हणत नाही. मीच तो पायाखाली घातला असे म्हणतो. सगळे राजकारण या एका क्रियापदात आहे. पराभवाची गोष्ट त्यागाची करून टाकली आहे, आणि तीही कर्तरी प्रयोगात.

दुसऱ्या मुकुटाच्या ‘हलका’ या शब्दाकडेही थांबून पाहावे. काट्यांचा मुकुट हलका कसा? वसईच्या किंवा गोव्याच्या चर्चमध्ये गुड फ्रायडेला ज्यांनी तो पाहिला आहे त्यांना हलकेपणा सुचणार नाही. इथे मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या अकराव्या अध्यायाची आठवण करून दिली आहे, जिथे ख्रिस्त आपले जू सोयीचे आणि ओझे हलके असल्याचे सांगतो. त्या काळचा इंग्लिश वाचक ही ओळ झोपेतही म्हणू शकत होता. म्हणून ‘जड’ आणि ‘हलका’ ही जोडी वजनाच्या तागडीतून येत नाही, बायबलातून येते. टेबलावरच्या पुस्तकात ‘इन वेर्बो तुओ स्पेस मेआ’, ‘तुझ्या वचनावर माझी आशा’ असे लिहिले आहे. तो 119 व्या स्तोत्राचा सूर आहे.

आणि काळाचा योग पाहा. शिरच्छेदाच्या सकाळी बिशप जक्सनने राजासमोर जो पाठ वाचला तो मत्तयाचा सत्ताविसावा अध्याय, ख्रिस्ताच्या यातनांचा. राजाला वाटले बिशपने मुद्दाम निवडला. पण चर्चच्या पंचांगात त्या दिवशी तोच पाठ होता. मंचावरच्या शेवटच्या बोलण्यातही राजाने नाशवंत मुकुटाकडून अविनाशी मुकुटाकडे जात असल्याचे सांगितले. मुखचित्रातल्या पहिल्या आणि तिसऱ्या मुकुटाची ही तोंडी आवृत्ती होय. गुडघे टेकलेली आकृती, वरून उतरणारा उजेड, एकट्याची प्रार्थना ही ठेवणही अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रार्थना करणाऱ्या ख्रिस्ताच्या चित्रांमधली आहे. ते कुठेही लिहिलेले नाही, आणि लिहायची गरजही नव्हती.

डावीकडचे रान

उजव्या भागात राजा बोलतो. डाव्या भागात निसर्ग त्याच्याबद्दल बोलतो. तिथली ब्रीदे प्रथमपुरुषी नाहीत.

खजुरीच्या झाडाजवळ ‘क्रेस्कित सुब पोंदेरे विर्तुस’ आहे: ओझ्याखाली सद्गुण वाढतो. खजूर दिसली की ‘हुतात्म्याची खजूर’ असे लिहिण्याचा मोह होतो. ती वेगळी. हुतात्म्यांच्या हातात तुटलेली झावळी असते; इथे जिवंत झाड आहे आणि त्याला वजने टांगली आहेत. याचे मूळ दुसऱ्या शतकातल्या औलुस गेल्लिउसच्या टिपणात सापडते. आरिस्टॉटल आणि प्लुटार्क यांचा हवाला देऊन तो म्हणतो की खजुरीच्या लाकडावर मोठे वजन ठेवले तर ते खाली वाकत नाही, उलट वर उचलते आणि कमानीसारखे होते. बोलणे लाकडाचे आहे, म्हणजे वाशाचे. एम्ब्लेमवाल्यांनी ते उभ्या झाडाला लावले. आल्चातीच्या पुस्तकात फांदीला एक पोरगा लोंबकळतो. पुढे पोराच्या जागी वजने आली. वनस्पतिशास्त्र म्हणून यात दम नाही, पण प्रतीकाला तेवढे चालते.

खडकाजवळ ‘इम्मोता त्रिउम्फान्स’, म्हणजे अचल राहून विजयी. ‘इम्मोता’ हे स्त्रीलिंगी आहे, कारण लॅटिनमध्ये खडक, ‘रूपेस’, स्त्रीलिंगी. विशेषण राजाला नव्हे, खडकाला लागते. राजाला ते उपमेने मिळते. महापुरात झाडे जातात आणि लव्हाळी वाचतात, हे आपल्याकडचे रूपक इथे नेमके उलटे होते. इथे वाकण्याला मान नाही. खजूर उलटी वर उसळते, खडक हलतच नाही. तडजोड नाकारून वधमंचापर्यंत गेलेल्या राजाला लव्हाळ्याची उपमा चालली नसती.

काळ्या ढगातून निघालेल्या किरणावर ‘क्लारिओर ए तेनेब्रिस’ आहे: अंधारातून अधिक तेजस्वी. इथे हमखास चूक होते. चित्रात किरण दोन आहेत. एक ढगातून निघून राजाच्या मस्तकाकडे येतो, दुसरा राजाच्या डोळ्यातून निघून स्वर्गीय मुकुटाकडे जातो. घाईत पाहणारा दोन्हींना ‘देवाचा आशीर्वाद’ म्हणून एकत्र बांधतो. दुसरा किरण आशीर्वाद नाही. ती नजर आहे, ‘कोएली स्पेक्तो’चे क्रियापद. दिशा ओळखायची खूण अक्षरांत आहे. ओळ जिथे सुरू होते तिथून किरण निघतो. भिंग लावून पहिले अक्षर कुठे आहे ते पाहिले की शंका मिटते.

म्हणून हे चित्र डावीकडून उजवीकडे वाचायचे: संकट, संकटातून उजळलेला माणूस, त्याची नजर, मुकुट. पानावरची ओळ जशी जाते तशीच.

पत्रा, कागद आणि नकला

प्रतीके कशावर उभी आहेत हे माहीत नसले की वाचन फसते, म्हणून थोडे तंत्र. साधारण दीड-दोन मिलिमीटर जाडीचा तांब्याचा पत्रा घोटून आरशासारखा करतात. त्यावर ब्युरिन हे चौकोनी काटछेदाचे, तिरपे घासून टोक काढलेले पोलादी हत्यार ढकलत न्यायचे. हत्याराची मूठ तळव्यात बसते, जोर तळव्याचा आणि दिशा बोटांची. वळण हवे असेल तर हात वळत नाही. उशीवर ठेवलेला पत्रा फिरवतात. चरीच्या कडेला उठलेली तांब्याची किनार स्क्रेपरने काढून टाकायची. मग शाई भरायची, पृष्ठभाग फडक्याने आणि शेवटी तळहाताने पुसायचा, ओला कागद ठेवून नमद्यासकट रुळांमधून दाबून काढायचा. चरीतली शाई कागदावर चढते, म्हणून भिंगाखाली रेष किंचित उंचावलेली दिसते. शिशाच्या खिळ्यांची अक्षरे याच्या उलट कागदात रुतलेली असतात.

छापले की सगळे उलटे येते. त्यामुळे पत्र्यावर प्रत्येक अक्षर आरशातल्यासारखे कोरावे लागते. मार्शलच्या चित्रातली लहान ब्रीदे अशीच उलट्या हाताने कोरलेली आहेत. आता कोणी छापील प्रत समोर ठेवून तिची सरळ नक्कल पत्र्यावर कोरली, तर छापून येणारे चित्र उलटे होते: राजा डावीकडे तोंड करतो, स्वर्गीय मुकुट डाव्या कोपऱ्यात जातो. अक्षरे तर सरळच हवीत, मग नक्कल करणारा ती नव्याने डावीकडून उजवीकडे बसवतो. झाले, वाक्याची दिशा बिघडली. ‘कोएली स्पेक्तो’ची ओळ आता मुकुटापासून सुरू होऊन डोळ्यापाशी संपते आणि नजरेचा किरण वरून आल्यासारखा भासतो. संकटे उजवीकडे गेल्याने गोष्टही शेवटापासून सुरू होते. प्रतीके सगळी जागेवर, एकही कमी नाही. तरी अर्थ ढिला पडतो. एखादी प्रत उलटी नक्कल आहे का हे पाहणे एवढ्यासाठी महत्त्वाचे.

नकला भरपूर झाल्या याला कारण खप. 1649 या एका वर्षात या पुस्तकाच्या लंडनमध्येच इंग्रजीत पस्तीस आवृत्त्या निघाल्या. आयर्लंडात आणि युरोपात छापलेल्या निराळ्या. तांबे मऊ. ब्युरिनने कोरलेल्या पत्र्यातून साधारण एक-दोन हजार चांगले ठसे निघतात. मग आधी बारीक छाया जातात, ढगातला काळेपणा राखाडी होतो, चेहऱ्यावरच्या टिंबरेषा पुसतात. एक पत्रा इतक्या आवृत्त्यांना पुरणे शक्यच नव्हते. मार्शलने स्वतः पत्रा पुन्हा पुन्हा नव्याने कोरला आणि वेन्सेस्लाउस होलरसारख्या इतरांनीही आपापल्या आवृत्त्या केल्या. म्हणून ‘मार्शलचे मुखचित्र’ असे एकवचनात बोलणे सोयीचे असले तरी प्रत हातात आल्यावर तिची दुसऱ्या प्रतीशी रेषेला रेष लावून पाहावी लागते. सर्वांत उपयोगी जागा तीन: सहीतल्या अक्षरांची ठेवण, लाटांची संख्या आणि झावळ्यांची टोके. चेहऱ्यावरून ठरवायला जाऊ नये. झिजलेल्या पत्र्यावर चेहरा सर्वांत आधी पुन्हा गिरवला जातो.

पत्र्याची छपाई आणि खिळ्यांची छपाई यांना वेगवेगळी यंत्रे लागतात. म्हणून मुखचित्र वेगळ्या कागदावर छापून मग पुस्तकात शिवत किंवा चिकटवत. पुस्तक लहान आणि चित्र आडवे, त्यामुळे ते घडी घालून बसवलेले असते. घडी नेमकी राजा आणि रान यांच्या आसपास पडते, आणि शंभर वेळा उघडले की कागद तिथेच फाटतो. पुष्कळ प्रतींमध्ये चित्र नाही ते याच कारणाने. शिवाय भिंतीवर लावायला ते काढून घेणारेही होते. दुसऱ्या प्रतीतले चित्र आणून बसवलेल्या ‘पूर्ण’ प्रती बाजारात येतात. चित्राचा कागद आणि पुस्तकाचा कागद उजेडासमोर धरून तारांच्या खुणा (कागद करताना साच्याच्या जाळीच्या उमटलेल्या रेषा) जुळतात का पाहिले तरी निकाल लागत नाही, कारण मुळातही तो कागद वेगळाच असू शकतो. घडीच्या खुणा शेजारच्या पानावर उमटल्या आहेत का, शाईची पुसट सावली समोरच्या पानावर पडली आहे का, हे पुरावे अधिक भरवशाचे.

नोंद करताना सालाचाही घोळ होतो. शीर्षकपानावर 1648 छापलेल्या प्रती आहेत. राजा तर 1649 च्या जानेवारीत मारला गेला, मग पुस्तक आधीचे कसे? यात काही गूढ नाही. त्या वेळी इंग्लंडात कायदेशीर वर्ष 25 मार्चला बदलत असे. जानेवारी-फेब्रुवारी अजून 1648 मध्येच मोजले जात.

कोणासाठी किती

काही प्रतींमध्ये चित्राबरोबर ‘एम्ब्लेमचा खुलासा’ म्हणून लॅटिन आणि इंग्रजी पद्य शेजारी शेजारी दिले आहे. इंग्रजी पद्यात खजूर, खडक, अंधार आणि मग तीन मुकुट याच क्रमाने येतात, म्हणजे डावीकडून उजवीकडे. लॅटिन न येणाऱ्या दुकानदारालाही चित्र वाचता यावे याची ही सोय. तरी एक दार बंदच ठेवले होते. काही प्रतींत तळाशी ग्रीक ओळ आहे (‘खी’ आणि ‘काप्पा’ ही ग्रीक अक्षरे): ‘खी’ने नगरीचे काही वाईट केले नाही, ‘काप्पा’नेही नाही. ही ओळ चौथ्या शतकातल्या रोमन सम्राट ज्युलियनच्या लेखातली. ख्रिस्ती धर्म सोडणाऱ्या या सम्राटाला अँटिऑक नगरीचे लोक असे टोमणे मारत, असे तोच सांगतो. तिथे ‘खी’ म्हणजे ख्रिस्त आणि ‘काप्पा’ म्हणजे आधीचा सम्राट कॉन्स्टँटियस. 1649 मध्ये ‘काप्पा’ म्हणजे कारोलुस, चार्ल्स. मग धर्मबुडवा ज्युलियन कोण, हे वाचकाने मनातल्या मनात ठरवायचे. सत्ताधाऱ्यांना उघड शिवी देण्यापेक्षा हे सुरक्षित. माझ्या मते साऱ्या पानातली सर्वांत धारदार जागा हीच, आणि तीच भाषांतरित वर्णनांत बहुधा गळते.

पार्लमेंटच्या बाजूने उत्तर द्यायचे काम कवी जॉन मिल्टनकडे आले. ऑक्टोबर 1649 मध्ये ‘आयकॉनोक्लास्तिस’, म्हणजे ‘मूर्तिभंजक’, प्रसिद्ध झाले आणि त्याच्या प्रस्तावनेतच मुखचित्रावर हल्ला होता. हे चित्र म्हणजे दरबारी मुखवटानाट्याचा देखावा आहे, बावळट बघ्यांना पकडायला लावलेले जाळे आहे. असल्या उसन्या एम्ब्लेमांनी कोणी संत किंवा हुतात्मा होत नाही, असा त्याचा रोख. टोला वर्मी होता. चार्ल्स खरोखरच अशा नाट्यांत नटत असे. जानेवारी 1640 मधल्या शेवटच्या नाट्यात प्रजेचे हाल सोसणाऱ्या धीरोदात्त राजाची भूमिका त्याने स्वतः केली होती, आणि देखावे वास्तुकार इनिगो जोन्सचे होते. ज्या बँक्वेटिंग हाउससमोर त्याचे डोके उडवले ती इमारतही जोन्सचीच. मिल्टनने प्रतीकांचे अर्थ खोडले नाहीत. खजूर खोटी, खडक खोटा असा वाद तो घालत बसला नाही. हे सामान कुठल्या गोदामातून आणले एवढेच त्याने दाखवले. प्रतीक मोडण्याचा हा अधिक परिणामकारक मार्ग असावा, पण खपावर त्याचा परिणाम दिसला नाही.

मिल्टनचे मार्शलशी जुने खातेही होते. त्याच्या 1645 च्या कवितासंग्रहासाठी मार्शलनेच त्याचे व्यक्तिचित्र कोरले होते. वय एकवीस लिहिलेले, चेहरा मध्यमवयीन. मिल्टनने चित्राखाली कोरायला चार ग्रीक ओळी दिल्या: या अनाडी चित्रकाराच्या कामावर हसा, हा मी नव्हेच, अशा आशयाच्या. मार्शलने त्या मुकाट्याने, एकेक अक्षर उलटे करून, कोरल्या. त्याला ग्रीक येत नव्हते असा याचा सरळ अर्थ. मग ‘खी’ आणि ‘काप्पा’ची ओळ मुखचित्राला कोणी जोडून दिली? खोदकाराने नव्हे. बरोक मुखचित्रात कल्पना सांगणारा, पद्य लिहिणारा आणि पत्रा कोरणारा हे अनेकदा तीन वेगळे लोक असतात. ‘मार्शलला असे म्हणायचे आहे’ हे वाक्य नोंदीत लिहिताना हे लक्षात ठेवलेले बरे.

जमिनीवरचा मुकुट पुढे

ज्या वर्षी हे चित्र छापले त्याच वर्षी पार्लमेंटने खरीखुरी राजचिन्हे मोडीत काढली. सोने वितळवले, खडे विकले. म्हणजे ‘झळाळता पण जड’ मुकुट कागदावर जमिनीवर पडला होता आणि प्रत्यक्षात मुशीत. त्या घडीला ‘वानितास’ हे नाव त्याला अगदी शोभून दिसले.

1660 मध्ये दुसरा चार्ल्स परतला. 1661 च्या राज्याभिषेकासाठी सोनार रॉबर्ट व्हायनरने सेंट एडवर्डचा नवा मुकुट घडवला, भरीव सोन्याचा, आणि तो इतका जड की आजही राज्याभिषेकाच्या विधीपुरताच डोक्यावर ठेवतात. 1662 मध्ये प्रकाशक रिचर्ड रॉयस्टनने हुतात्मा राजाचे समग्र लेखन मोठ्या आकारात काढले. त्याच वर्षी 30 जानेवारी हा त्याचा स्मृतिदिन म्हणून इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकात शिरला आणि 1859 पर्यंत तिथे राहिला. समग्र लेखनाच्या तोंडाशी पुन्हा तोच गुडघे टेकलेला राजा, हातात तेच काटे. मुलगा जो मुकुट घालून सिंहासनावर बसला होता तोच मुकुट बापाच्या चित्रात अजून जमिनीवर होता, वर्तमानकाळी क्रियापदासकट.